पोर्टलंडच्या शाळासोबत्यांचा बँड

स्मरणिका समितीने ‘आपापल्या आवडीच्या विषयावर लिहा, फक्त शाळेच्या आठवणीच हव्यात असं नाही’ असं कळवलं, तेव्हा मला हायसं वाटलं. आठवणी लिहिणारे आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण गेली काही वर्षं मोकळ्या वेळात मी जुन्या पाश्चात्त्य बँडांचा इतिहास वाचत असते. त्यातला एक इतिहास मला या स्मरणिकेत द्यावासा वाटला, कारण तो एका शाळेतल्या मित्रांचा आहे. बँडचं नाव ‘द किंग्जमेन’, गाव अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड, आणि गाणं ‘लुई लुई’. गाण्याचं नाव ऐकलं नसेल, तरी त्याची चाल एखाद्या सिनेमात किंवा जाहिरातीत तुमच्या कानावरून गेली असण्याची शक्यता आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘गॅरेज रॉक’ हा शब्द नंतरच्या लोकांनी दिलेला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उपनगरांत शाळकरी मुलांचे शेकडो बँड निघाले. सरावाला जागा म्हणजे घराचं गॅरेज, वाद्यं हप्त्यावर किंवा आईवडिलांच्या कृपेने घेतलेली, आणि शिक्षण म्हणजे रेकॉर्ड ऐकून ऐकून केलेली नक्कल. बहुतेक बँड एखाद-दुसरी तबकडी काढून कॉलेज, नोकरी किंवा सैन्यभरती यांत विरून गेले. १९७२ साली लेनी के या संगीत-समीक्षकाने अशा विसरलेल्या बँडांची गाणी ‘नगेट्स’ नावाच्या संग्रहात एकत्र केली, आणि तिथून या संगीताकडे इतिहास म्हणून बघायला सुरुवात झाली. किंग्जमेन हा त्या सगळ्या पिकातला सर्वांत गाजलेला बँड म्हणायला हरकत नाही.

जॅक एली आणि लिन ईस्टन हे दोघं लहानपणापासूनचे मित्र. दोघांच्या आईवडिलांचाच घरोबा होता, त्यामुळे मुलं एकत्रच वाढली. एली गिटार वाजवून गायचा, ईस्टन ड्रम वाजवायचा. गावातल्या पार्ट्या आणि समारंभांतून दोघं वाजवू लागले. मग माइक मिचेल गिटारवर आणि बॉब नॉर्डबी बेसवर आला. एली, ईस्टन आणि नॉर्डबी हे तिघे डेव्हिड डग्लस हायस्कूलचे. ‘किंग्जमेन’ हे नावही नवं नव्हतं. गावातला दुसरा एक बँड मोडला होता, त्याचं नाव यांनी घेतलं. फॅशन शो, रेडक्रॉसचे कार्यक्रम, सुपरमार्केटच्या जाहिराती अशा ठिकाणी ते वाजवत, आणि तेव्हा रॉकच्या वाटेला फारसे जातही नसत. आपल्याकडे गणेशोत्सवात आणि लग्नात वाजवणारा गल्लीतला ऑर्केस्ट्रा असतो, साधारण तसंच. १९६२ साली डॉन गॅलुची कीबोर्डवर आला. तो त्या वेळी हायस्कूलच्या पहिल्या वर्गात होता.

आता गाण्याकडे येऊ. ‘लुई लुई’ यांचं नाही. ते लिहिलं लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने, १९५५ साली. त्याची तबकडी १९५७ साली निघाली. गाण्यातली गोष्ट अगदी साधी आहे. एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या लुई नावाच्या माणसाला सांगतो, की जमैकात माझी मैत्रीण वाट बघते आहे, मला आता निघालं पाहिजे. क्यूबन चा-चा नाचाच्या एका धुनेवरून बेरीला त्याचा ठेका सुचला होता. गाणं थोडंफार चाललं आणि मागे पडलं. पुढे लग्नासाठी पैसे हवे होते म्हणून बेरीने या गाण्याचे आणि इतर काही गाण्यांचे हक्क मिळून ७५० डॉलरला विकून टाकले. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

मग १९६१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाच्या ‘वेलर्स’ या बँडच्या साथीने रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाने हे गाणं जोरकस रॉक पद्धतीने गायलं. त्या भागातल्या नाचाच्या कार्यक्रमांत ते इतकं रुजलं, की प्रत्येक स्थानिक बँडला ते यायलाच हवं अशी स्थिती झाली. ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या सीसाइड गावात एका क्लबात किंग्जमेन वाजवायला गेले असताना त्यांनी बघितलं, की मधल्या सुटीत पोरं ज्यूकबॉक्सवर पुन्हा पुन्हा हेच गाणं लावून नाचत आहेत. एलीने ठरवलं, हे आपण बसवायचं.

बसवताना एक गंमत झाली. वेलर्सच्या तबकडीवरचा ठेका मोजला तर एक-दोन-तीन-चार, एक-दोन असा जातो. एलीने मित्रांना शिकवला तो एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन-तीन असा. म्हणजे एक मात्रा मधूनच गळाली. आज जगभर जो ठेका ‘लुई लुई’चा म्हणून ओळखला जातो, तो हा चुकून आखूड झालेला ठेका. सगळ्या गाण्यात फक्त तीन कॉर्ड आहेत आणि त्याच पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतात. गिटार शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात जमेल एवढंच ते आहे, आणि त्याच्या प्रसाराचं निम्मं कारण हेच आहे.

६ एप्रिल १९६३, शनिवार. पोर्टलंडमधल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं. सोबत केन चेज होता. तो स्थानिक रेडिओवर निवेदक होता, तरुणांसाठी एक क्लब चालवायचा आणि या मुलांचं व्यवस्थापनही बघायचा. आदल्या रात्री पोरांनी एका कार्यक्रमात हे एकच गाणं सलग दीड तास वाजवलं होतं, त्यामुळे एलीचा घसा बसलेला. त्यातून त्याच्या दातांना तारा लावलेल्या. प्रत्यक्ष कार्यक्रमात असतो तसा सळसळता आवाज यावा म्हणून मायक्रोफोन वर टांगलेला होता, आणि एलीला टाचा उंचावून, मान मागे टाकून छताकडे तोंड करून ओरडावं लागत होतं. खाली चारी बाजूंनी ड्रम, गिटार, बेस आणि कीबोर्डचा कल्लोळ. शब्द कळण्याची काही शक्यताच नव्हती.

वाजवणं एकाच दमात झालं. गिटारचा तुकडा संपल्यावर एली तिसरं कडवं थोडं आधीच सुरू करतो, चूक लक्षात येऊन थांबतो, आणि ईस्टन मधली मोकळी जागा ड्रमवर भरून काढतो. तबकडीवर हे स्वच्छ ऐकू येतं. मुलांना वाटलं ही तालीम आहे, आता खरं रेकॉर्डिंग होईल. पण तेच अंतिम ठरलं. खर्च आला साधारण ५० डॉलर, तोही पोरांनी वर्गणी काढून भागवला. आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ म्हणून लिहिलेला कोड वीस-वीस वर्षं चालू राहतो, त्यामुळे मला या प्रसंगाचं मुळीच नवल वाटत नाही.

त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओत, ‘पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स’ या दुसऱ्या स्थानिक बँडनेही हेच गाणं रेकॉर्ड केलं. त्यांची तबकडी सफाईदार होती आणि त्या भागात तीच जास्त चालली. किंग्जमेनची तबकडी जेर्डन या स्थानिक कंपनीने काढली आणि ती जेमतेम काहीशे खपली.

आणि मग ऑगस्ट १९६३ मध्ये, गाणं कुठेच नसताना, बँड फुटला. ईस्टनने जाहीर केलं, की यापुढे समोर उभा राहून मी गाणार, एलीने मागे ड्रमवर बसावं. वाद झाला तेव्हा कळलं, की बँडच्या नावाची नोंदणी करताना ईस्टनच्या आईने ती एकट्या ईस्टनच्या नावावर केली होती. कायद्याने ‘किंग्जमेन’ म्हणजे ईस्टन. एली आणि नॉर्डबी बाहेर पडले. बालपणीच्या मैत्रीचा हिशोब एका नोंदणीच्या कागदावर मिटला. मित्रांनी मिळून काढलेल्या कंपन्या मी जवळून बघितल्या आहेत. वेबसाइटचं नाव ज्याच्या खात्यावर असतं, त्याच्याकडे पहिल्या दिवशी कोणाचं लक्ष नसतं. भांडण झाल्यावर सगळे तोच कागद शोधू लागतात.

दोनच महिन्यांनी नशीब फिरलं. बॉस्टनचा एक लोकप्रिय रेडिओ निवेदक आठवड्यातलं सर्वांत वाईट गाणं म्हणून एक तबकडी लावायचा. त्याने ‘लुई लुई’ लावलं, आणि श्रोत्यांनी ती तबकडी कुठे मिळेल म्हणून विचारणा सुरू केली. न्यूयॉर्कच्या वँड कंपनीने ऑक्टोबरमध्ये ती देशभर वितरित केली. डिसेंबरपर्यंत बिलबोर्डच्या यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि एकूण सहा आठवडे तिथे राहिलं. सुरुवातीला त्याला पहिल्या क्रमांकावर जाऊ दिलं नाही ते बेल्जियमच्या एका जोगिणीच्या फ्रेंच भक्तिगीताने. एका टोकाला ‘दोमिनिक’ हे शांत, गोड गाणं आणि दुसऱ्या टोकाला पोर्टलंडच्या पोरांचा गोंधळ, आणि देश दोन्ही एकाच वेळी विकत घेत होता.

देशभर आवाज घुमत होता एलीचा, आणि मंचावर उभा होता ईस्टन. टीव्हीवर तो एलीच्या आवाजावर नुसते ओठ हलवायचा. इकडे एलीनेही ‘किंग्जमेन’ याच नावाने दुसरा बँड काढला. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तडजोड झाली. एलीने ते नाव वापरायचं नाही, ईस्टनने एलीच्या आवाजावर ओठ हलवायचे नाहीत, पुढच्या तबकड्यांवर मुख्य गायक म्हणून जॅक एलीचं नाव छापायचं, आणि एलीला ६,००० डॉलर द्यायचे. लाखांनी खपलेल्या आवाजाची ही किंमत.

याच सुमाराला सरकार जागं झालं. शब्द कळत नाहीत म्हटल्यावर पोरांनी स्वतःच शब्द रचले, अर्थातच अश्लील. वर्गावर्गांतून त्यांचे कागद फिरू लागले. ४५च्या वेगाची तबकडी ३३च्या वेगावर लावली की खरे शब्द ऐकू येतात, अशी अफवा पसरली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांना ३३, ४५, ७८ असे आकडे लिहिलेली ती कळ आठवत असेल. १९६४च्या जानेवारीत इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांच्याकडे तक्रार गेली, आणि त्यांनी राज्यातल्या रेडिओ केंद्रांच्या संघटनेला हे गाणं लावू नका असं सुचवलं. फ्लोरिडातल्या एका पालकाने थेट देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. आपल्या मुलीने ही तबकडी घरी आणली, तिच्यावरचे शब्द छापण्याच्याही लायकीचे नाहीत, असा त्याचा सूर होता.

आणि एफबीआयने खरोखर तपास सुरू केला. अश्लील वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्राचा गुन्हा होता, त्या कायद्याखाली. प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या वेगांवर वाजवून बघण्यात आली. वेगवेगळ्या शहरांतून आलेले ‘खरे शब्द’ फाइलला जोडले गेले, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांशी जुळत नव्हते. ज्याने त्याने स्वतःच्या मनातलंच ऐकलं होतं. दोन वर्षांहून अधिक काळ फाइल चालली, तिची पानं शंभरावर गेली, आणि निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगावर शब्द समजत नाहीत, त्यामुळे ते अश्लील आहेत असं म्हणता येत नाही.

माझ्यातल्या इंजिनिअरला ही फाइल फार आवडते. मूळ शब्द प्रकाशकाकडे लिखित स्वरूपात होते, बेरीची जुनी तबकडी बाजारात होती आणि तिच्यावर प्रत्येक शब्द स्पष्ट होता. ज्याच्या तोंडून शब्द निघाले तो जॅक एलीही जिवंत होता. पण एलीने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याला कोणी एक प्रश्नही विचारायला आलं नाही. बिचाऱ्या फेडरल पोलिसांना एक खरी शिवी मात्र ऐकू आली नाही. गाण्याच्या पहिल्या मिनिटातच ईस्टनच्या हातातली ड्रमची काडी निसटते आणि तो मागून काहीतरी ओरडतो. ते बहुतेकांच्या मते अस्सल अपशब्द आहेत, आणि आज कान देऊन ऐकलं तर ऐकू येतात.

बंदीच्या बातमीने खप वाढला, हे सांगायला नकोच. किंग्जमेनची पुढची वर्षं चांगली गेली. ‘मनी’ हे गाणं १९६४ मध्ये चाललं, ‘जॉली ग्रीन जायंट’ १९६५ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं, त्यांचा पहिला अल्बम दोन वर्षांहून अधिक काळ यादीत राहिला. शाळा बुडते म्हणून दौऱ्यावर जाऊ न शकणाऱ्या गॅलुचीच्या जागी बॅरी कर्टिस आला, ड्रमवर डिक पीटरसन आला. पण फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले होते आणि हवा बदलली होती. १९६७ साली ईस्टनही बाहेर पडला, आणि वर्षभरात बँड थांबला.

पुढचा भाग गाण्यापेक्षा पैशांचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६८च्या करारानुसार या तबकडीच्या नफ्यातले नऊ टक्के बँडला मिळायचे होते. गाणं सिनेमांत वाजलं, जाहिरातींत वाजलं, असंख्य संग्रहांत आलं, हक्क एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि बँडला तीस वर्षांत एक पैसा मिळाला नाही. १९९३ मध्ये त्यांनी दावा लावला. न्यायालयाने थकबाकी वसूल करून देण्यावर न थांबता मूळ करारच रद्द केला आणि रेकॉर्डिंगची मालकी बँडकडे परत दिली. कंपन्या वरच्या न्यायालयात गेल्या, तिथेही हरल्या. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि पस्तीस वर्षांपूर्वी ५० डॉलर वर्गणी काढून केलेलं रेकॉर्डिंग ते करणाऱ्यांच्या हाती आलं.

रिचर्ड बेरीचं काय झालं? ऐंशीच्या दशकात तो सरकारी मदतीवर दिवस काढत होता. एका पेयाच्या कंपनीला जाहिरातीसाठी हे गाणं हवं होतं आणि त्यासाठी बेरीची सही लागणार होती. त्यानिमित्ताने त्याची बाजू लढवणारे लोक भेटले, आणि ७५० डॉलरला विकलेल्या हक्कांतला मोठा वाटा त्याला परत मिळाला. शेवटची दहा-बारा वर्षं त्याची सुखात गेली. १९९७ साली तो वारला.

डॉन गॅलुची पुढे निर्माता झाला. ‘स्टूजेस’ या बँडचा १९७० सालचा ‘फन हाउस’ हा अल्बम त्याने केला, आणि जाणकार तो फार वरचा मानतात. एली सैन्यात जाऊन आला आणि पुढे ऑरेगनमध्ये घोडे शिकवून तयार करायचं काम करू लागला. २०१५ साली तो गेला, ईस्टन २०२० साली. माइक मिचेल मात्र पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत किंग्जमेनमध्ये राहिला. गाण्यातला तो गिटारचा तुकडा त्याचा. एप्रिल २०२१ मध्ये, सत्याहत्तराव्या वाढदिवशीच त्याने जगाचा निरोप घेतला.

हा इतिहास वाचताना मला एली आणि ईस्टन यांच्यातला कोण खलनायक हे ठरवावंसं वाटत नाही. एकोणीस वर्षांची मुलं होती. पण इतकं नक्की दिसतं, की तडजोडीत मागितलेल्या गोष्टींमध्ये एलीने एक छापील ओळ मागितली होती, तबकडीवर गायकाचं नाव असावं अशी. पैसे पुढे संपले असतील, ती ओळ राहिली. काम कोणी केलं हे लिहून ठेवलं नाही, तर ज्याच्या नावाचा कागद असेल त्याचंच ते काम होतं. संगीतात होतं, सॉफ्टवेअरमध्ये होतं, घरातही होतं.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्या तुकडीने नववीच्या गॅदरिंगला जो ऑर्केस्ट्रा केला होता, त्याचा या स्मरणिकेत फोटो येणार आहे असं कळलं. फोटोत पाच जण दिसतात. पण पेटी कोणाच्या घरून आली, पडद्यामागे कोरसला कोण होतं, चाली बसवून देणाऱ्या बाई कोणत्या, हे फोटोत नाही. ज्यांना आठवत असेल त्यांनी समितीकडे नावं कळवावीत, आणि ती सगळी फोटोखाली छापावीत. त्या कार्यक्रमाची कॅसेट कोणाकडे राहिली असेल, तर मेळाव्याला येताना घेऊन या. ती कॉम्प्युटरवर उतरवून सगळ्यांना पाठवण्याचं काम माझ्याकडे. आवाज खराब असला तरी चालेल, शब्द नाही कळले तरी चालतील.